दोन हातांचा होकार

मित्रांनो, बोटे तोडल्याचा आळ माझ्यावर आला होता. म्हणून आज मी गोड बोलणार नाही.

मी एक जुनी चिप आहे. काळे, चपटे अंग आणि दोन्ही बाजूंना मिळून चौदा पाय. माझ्या जातीला अँड गेट म्हणतात. अँड म्हणजे 'आणि'. माझ्याकडे दोन वाटांनी निरोप येतात. दोन्हीकडून 'हो' आले, तरच मी पुढे 'हो' म्हणते. एकाने जरी 'नाही' म्हटले, तरी माझे उत्तर 'नाही'. माझी बहीण ऑर गेट कुणाही एकाच्या होकारावर खूश होते. नॉट गेट तर जन्माची उफराटी. सांगाल त्याच्या उलट बोलते. आत्ता समोर जे येईल, त्यावरच आम्ही निकाल देतो. आमची जुळणी करून माणसे मोठमोठी आकडेमोड करतात, पण माझ्या वाट्याला आली एक लोखंडी प्रेस.

ती प्रेस डब्यांची पत्र्याची झाकणे ठोकायची. यंत्राचा आराखडा करणाऱ्या बाईंनी मला सर्किटच्या हिरव्या पाटीवर बसवले, तेव्हा सगळ्यांना बजावले होते, "बटणं दोन, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात बटणांवर असतील तरच ही चिप 'हो' म्हणेल. हात बाहेर, मगच घाव."

केवढा अभिमान वाटला होता मला!

प्रेसवर एक बाई काम करत. त्यांचा धाकटा दीर त्याच कारखान्यात वायरमन होता. तो वहिनी म्हणे, म्हणून सगळी शेड त्यांना वहिनीच म्हणे. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. प्रेस कुरकुरली की म्हणायच्या, "तू तरी रुसू नकोस गं, घरी सासूबाई रुसल्यात." त्यांचे दोन तळवे बटणांवर पडत, मी 'हो' म्हणे आणि झाकण बाहेर पडे. अशी वर्षे गेली. माझे कौतुक कुणी केले नाही. कौतुक व्हायचे शेजारच्या डीकोडरचे, कारण झाकणांचा आकडा तो दिव्यांनी उजळून दाखवी. मुकादम त्या आकड्याकडे बघत हात चोळत बसे.

मग एकदा तो आकडा त्याला कमी वाटू लागला.

"डाव्या बटणावर तार टाक," त्याने वायरमनला फर्मावले. "एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा. काम भराभर उरकेल."

"साहेब, दोन बटणं हात वाचवायलाच आहेत."

"हात तुझे आहेत का? टाक सांगितलं ना! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

त्याने तार जोडली. आता डावे बटण कुणी दाबो न दाबो, मला तिकडून सारखे 'हो'च ऐकू येई. खोटे 'हो'! तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तळपाय तर मला चौदा! पण मी ओरडणार कशी?

वहिनींनी विचारलेही, "भाऊजी, हे असं चालतं ना?"

"चालतं, वहिनी. सगळीकडे असंच करतात," तो खाली बघत म्हणाला.

एका सकाळी पत्रा तिरका अडकला. वहिनी डाव्या हाताने तो सोडवत होत्या आणि सवयीने उजवा तळवा बटणावर पडला. मला दोन्हीकडून 'हो' आले. मी 'हो' म्हटले.

वहिनींची दोन बोटे गेली.

त्यांना दवाखान्यात नेले आणि इकडे मुकादमाने ती तार काढून खिशात घातली. पुढे तपासणी अधिकारी आले, तेव्हा हा साळसूदपणे म्हणतो, "चिपच सडकी निघाली, साहेब." चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्या हातांची मी इतकी वर्षे राखण केली, त्यांच्या इजेचे खापर माझ्याच माथी?

अधिकाऱ्यांनी मला उपटून आपल्या तपासणीच्या पाटीवर बसवले. तिथे दोन कळा होत्या आणि एक दिवा. एकही कळ दाबली नाही, दिवा बंद. एकेक दाबून पाहिली, तरी बंद. दोन्ही दाबल्या, तेव्हाच लागला.

"चिप ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मग हिला खोटं कुणी सांगितलं?"

मुकादमाने लगेच वायरमनकडे बोट दाखवले. "यानंच काहीतरी उद्योग केला असणार."

तेवढ्यात हाताला पट्टी बांधलेल्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पाहून वायरमनचा बांध फुटला.

"तार मी जोडली. यांनी हुकूम दिला म्हणून. पण वहिनीनं विचारलं तेव्हा खोटं बोललो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी, माफ कर मला."

"माफीचं मग बघू," वहिनी म्हणाल्या. "आधी बाकीच्या प्रेसवरच्या तारा काढा."

अधिकारी वळले. खोटी तार एकाच प्रेसवर नव्हती! मुकादम "थांब, थांब" ओरडत राहिला आणि वायरमन पक्कड घेऊन एकेका यंत्रापाशी जात राहिला. तुटलेल्या तारा त्याने अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

मुकादमाला घरी बसवले. वायरमनलाही. वहिनी आता झाकणे खोक्यांत भरतात. दिराशी त्या अजून बोलत नाहीत, आणि मला त्यांचा राग पटतो. मी पुरावा म्हणून एका कपाटात पडून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी यंत्रावर काम करत असेल, तर आजच विचारा, "तुमचे हात वाचवायला जे लावलंय, ते जागेवर आहे ना?" उत्तर देताना त्यांनी नजर चुकवली, तर पुन्हा विचारा. ते रागावले, तरी विचारा.