इंदूबाईंचे इन्सुलिन

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. दूध-भाज्यांचा नव्हे, औषधांचा. रायपूरच्या बूढापारा भागातल्या एका लहान सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी उभा असतो. आता माझ्या पोटात झाडू आणि फिनाईलच्या बाटल्या असतात.

नवा आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. औषधे देणाऱ्या यामिनीदीदींनी मला स्वतः पुसले आणि लसी, इन्सुलिन माझ्या स्वाधीन केले. वीज गेली की त्या कोणालाही माझे दार उघडू देत नसत. "याच्या भरवशावर किती जीव हायेत, मालूम हाय काय?" असे त्या म्हणाल्या की मला धन्य वाटे.

ज्यांच्या घरी फ्रिज नव्हता, त्यांचे इन्सुलिनही दीदी माझ्यातच ठेवत. इंदूबाई त्यांतल्याच. लोकांकडे पोळ्या करायला जाण्याआधी त्या रोज सकाळी येत, सुई टोचून घेत आणि जाताना माझ्या दारावर मायेने थाप मारत.

पुढे दीदींना बढती मिळाली. 'नवा रायपूर' या नव्या राजधानीतल्या कार्यालयात बसून त्या साऱ्या दवाखान्यांच्या औषधांची योजना आखू लागल्या. योजना वाईट नव्हती. सगळी औषधे एका मोठ्या भांडारात ठेवायची, तिथून गाडीने पाठवायची. कुठे तुटवडा नको, कुठे नासाडी नको. इन्सुलिन महिन्याचे एकदम रुग्णाच्या हाती द्यायचे. मग लहान दवाखान्यात फ्रिज कशाला?

मला बंद करायला दीदीच आल्या. इंदूबाई तिथेच होत्या.

"काहून बंद करून राहिल्या, दीदी?"

"आता रोज याचं काम नाही, मावशी. महिन्याचं औषध घरी न्या."

"पन घरी फ्रिज नाही न. पत्र्याची खोली हाय."

"हव, थंड जागी ठेवजा," म्हणत दीदी निघाल्याही. त्यांना बैठकीची घाई होती.

मे महिन्यात पत्र्याखाली थंड जागा कुठून आणायची? इंदूबाई नेमाने सुई घेत राहिल्या, पण उकाड्याने औषधातला जोरच गेला होता. साखर वाढली, पायाला झालेली लहानशी जखम चिघळली. शेवटी पाय कापावा लागला.

त्या कुबडी टेकत दवाखान्यात आल्या, त्या दिवशी दीदी पाहणीला आलेल्या होत्या. दीदींनी पुढे होऊन त्यांना हात धरून बाकावर बसवले.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतं. म्याच ऐकलं नाही."

"तू कामात होती न, पोरी."

त्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच दीदींना रडू आवरेना.

त्यांनी योजना बदलली. मला पुन्हा सुरू करायला मेकॅनिकही बोलावला, पण उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या होत्या, यंत्र गंजले होते. त्याने मान हलवली. माझ्या जागी नवा फ्रिज आला. इंदूबाईंचे इन्सुलिन आता त्याच्यात गार राहते. पोळ्यांची कामे मात्र सुटली ती सुटलीच.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठ्या योजना आखाल. तेव्हा समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. औषध ज्या घरी जाणार, ते घर एकदा पाहून या. दीदी खरोखर मायाळू होत्या. भर दुपारी त्या एकदा त्या पत्र्याच्या खोलीत घटकाभर बसल्या असत्या, तर इंदूबाई आज दोन्ही पायांवर चालत आल्या असत्या.