खात्रीचं वजन

"आधी तुमचं," म्हणत बायकोने बोट मागे घेतलं. "माझं कुठे पळून जातंय?"

काटेवाल्याने निमूटपणे स्वतःच्या बोटाला सुई टोचली. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. कुठलाही काटा हाती आला, की आधी खात्रीचं वजन ठेवून तो तपासायचा, मग बाकीच्या गप्पा. साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात किटोन वाढतात; ते मोजणारं हे तळहाताएवढं यंत्र घरात आलं, तेव्हाही त्याने तेच केलं. खात्रीचं वजन म्हणून स्वतःलाच ठेवलं. पाव-बटाटे हाणणाऱ्या धडधाकट माणसाचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा, आणि पिठाचं, गोडाचं सगळं बंद केलेल्या बायकोचा वर. तसं आलं की यंत्र खरं. यंत्र खरं, म्हणजे तिच्या डोक्यातली साखरेवर पोसलेली गाठ उपाशी मरतेय, हेही खरं.

हे शेवटचं त्याने स्वतःच ठरवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हवं तर हे पथ्य करून बघा, पण फार आशा ठेवू नका." या गृहस्थाने त्यातलं अर्धंच घरी आणलं.

तिच्या डाव्या हातातून कप निसटायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "आकडा छान आहे." तिला बहिणीचं नाव आठवेना, तेव्हाही आकडा छानच होता. एकदा ती म्हणाली, "एक उकडलेला बटाटा द्या हो. एकच."

"बटाटा म्हणजे गाठीला मेजवानी."

"मग मला पाहुणी म्हणून तरी बोलवेल का ती?"

तो हसला, पण बटाटा काही दिला नाही. अंडी आणि लोण्यात परतलेला पाला संपेपर्यंत तिच्या डोक्यावर उभा राहिला.

आज मात्र यंत्राने घोळ घातला. त्याचा आकडा आला दोन पॉइंट सहा. तिचा एक पॉइंट नऊ. त्याने पुन्हा टोचून पाहिलं, तरी तेच.  यंत्र बिघडलं असेल, तर आजवरचे सगळे छान आकडेही गेले कामातून. तोंडावर पाणी न मारताच त्याने औषधांचं दुकान गाठलं.

औषधवाल्याने नवं यंत्र काढून त्याचं बोट तपासलं. आकडा जवळपास तोच आला.

"काका, तुमचं यंत्र ठणठणीत आहे. पोटभर कधी जेवलात शेवटचं?"

काटेवाल्याला आठवावं लागलं. तिच्यासमोर पावाचा तुकडा मोडायची त्याला लाज वाटायची, आणि स्वयंपाकघरात दार लोटून खायला बसलं, की घास घशात अडकायचा. गेले चार दिवस तर नुसत्या बिनसाखरेच्या चहावर ढकलणं चाललं होतं. मापाला पक्का माणूस, पण खात्रीचं वजन आतून पोखरलंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

"उपाशी माणसाचाही आकडा चढतो," औषधवाला म्हणाला.

"म्हणजे तिचा आकडा बरोबर होता?"

"बरोबरच असणार."

"मग तिला बरं का वाटत नाही?"

औषधवाल्याने यंत्र डबीत घातलं, पुन्हा बाहेर काढलं. "काका, हे फक्त किटोन मोजतं. गाठीचं त्याला काही कळत नाही."

घरी येऊन त्याने बटाटे उकडायला टाकले. सोलून, कुस्करून बशी तिच्यापुढे धरली.

"आज गाठीचा वाढदिवस का?" ती म्हणाली.

"खा गं. मुकाट्याने खा."

तिने घास घेतला. तो गालातच राहिला. ती गिळायला बघत होती, मान पुढे करत होती, पण घास काही सरकेना. शेवटी ठसका लागला आणि त्याने बोट घालून तो बाहेर काढला.

"जमत नाही हो आता," ती म्हणाली.

काटेवाल्याला रडू आवरेना. "तू मागत होतीस, आणि मी दिला नाही. जमत होतं तेव्हा दिला नाही मी."

तिने त्याला थोडं रडू दिलं. मग चांगल्या हाताने बशी त्याच्याकडे सरकवली.

"तुम्ही खा. इथे बसून खा, दार लोटून नाही."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. त्याने एक घास खाल्ला.

"मऊ झालाय?"

"झालाय."

"मग घ्या की अजून."

त्याने घेतला. तो गिळेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.