पदवीच्या रकान्यात रेघ

लग्न होऊन कौसल्या जालन्याला आली तेव्हा ती नुकतीच मॅट्रिक झाली होती. माहेर अंबड तालुक्यातलं, अंतरवाली सराटी. नवरा संपत एस.टी.त कंडक्टर, जालना–भोकरदन गाडीवर. घरात ही दोघं आणि सासू द्वारकाबाई. जुन्या जालन्यात दोन खोल्या. द्वारकाबाईंनी वीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या धुरळ्यात काढली होती. खोकला तिथूनच लागलेला. त्यांचा एकच हट्ट होता: सुनेनं काम करावं, पण बसून करायचं काम करावं.

म्हणून त्यांनी स्वतः तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. कुंडलिका नदीचा पूल ओलांडून नव्या जालन्यात जायचं, ही वाट सुनेला नवी. पहिले आठ दिवस द्वारकाबाई तिच्याबरोबर गेल्या आणि तास संपेपर्यंत क्लासच्या पायरीवर बसून राहिल्या. आतून येणाऱ्या टकटकीत आपल्या सुनेची कोणती, हे आपल्याला ओळखू येतं असं त्या शेजारणींना सांगत. संपत हसायचा. पण कौसल्याचा हात खरोखरच जलद होता.

शहात्तर साली एका बियाण्याच्या कंपनीनं नव्या जालन्यात, एका कापडदुकानाच्या माडीवर, पंचिंगची खोली उघडली. सहा मशीन, सहा मुली. अट फक्त टायपिंगची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी संकरित बी पेरलं की त्यांचा एक फॉर्म भरून यायचा: कोण, कुठला, किती एकर, किती पिकलं. मुलींनी फॉर्म बघून मशीनची बटणं दाबायची. मशीन जाड कागदाच्या कार्डाला भोकं पाडायचं. भरलेल्या कार्डांच्या पेट्या हैदराबादला जायच्या. तिथला कॉम्प्युटर ती भोकं वाचून हिशेब लावायचा. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. मुली त्याला नुसतं ‘हैदराबादचे’ म्हणायच्या, नवऱ्याचं नाव टाळावं तसं.

खोलीचे प्रमुख देवानंद सर. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: डोळ्यांनी बघायचं, बोटांनी मारायचं, मध्ये डोकं आणायचं नाही. कौसल्याला हे जमेना. बोटं चालायची, पण आकडे डोक्यातून जायचे. कार्डावर कोणत्या जागी काय येतं, गावाचा नंबर कुठे, फॉर्म भरणाऱ्याचा नंबर कुठे, तारीख कुठे, हे तिला महिन्याभरात पाठ झालं. भोकं बघून ती आख्खं कार्ड वाचून दाखवायची. मुलींना ती गंमत वाटे.

दिवाळीनंतर एकदा तिच्यापुढे भोकरदनकडच्या फॉर्मांचा गठ्ठा आला. सगळे एकाच अक्षरातले, गावोगाव फिरून ते भरणारा कंपनीचा माणूस कुणी रखमाजी. संकरित ज्वारी, एकरी उत्पन्न क्विंटलमध्ये: अठ्ठावीस. पुढचा, एकतीस. त्याच्या पुढचा, सव्वीस. कौसल्याचे हात थांबले. तिच्या वडिलांनी तीच ज्वारी केली होती. चांगल्या सालाला एकरी बारा क्विंटल झाली, तर ते गावभर सांगत फिरले होते. तिनं तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

संध्याकाळी देवानंद सरांना कळलं. पेटी शुक्रवारी जायची होती. चारशे फॉर्म एका मुलीनं नुसते ठेवून दिले, हे त्यांच्या आकलनापलीकडचं होतं. आकडा बरोबर की चूक हे बघणं तुमचं काम नाही, दोन दिवसांत गठ्ठा संपला नाही तर दुसरी मुलगी बघावी लागेल, असं ते शांतपणे म्हणाले. शांतपणे म्हणाले म्हणूनच तिला जास्त लागलं.

जेवताना संपतनं खोदून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

“मंग त्यात काय,” संपत म्हणाला. “भोकरदनच्या स्टँडवर मी रोज दोनदा जाऊन राह्यलो. विचारतो ना त्या रखमाजीला.”

द्वारकाबाईंनी भाकरी वाढता वाढता एवढंच म्हटलं की पोरगी खोटं लिहायला तयार न्हाई, तर तिला कुणी बोलू नका.

रखमाजी बाजाराच्या दिवशी भोकरदनला यायचाच. संपतनं चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. गाडी सुटायची वेळ झाली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पण संपतनं त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवला नाही. एका कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर रखमाजीनं लिहून दिलं होतं: ‘सगळे आकडे मणात आहेत. क्विंटलचं मला कुणी सांगितलं न्हाई.’

अडीच मण म्हणजे एक क्विंटल. शेतकऱ्यांनी मणात सांगितलं, त्यानं मणात लिहिलं. त्यात त्याची कसलीही लबाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कौसल्यानं तो कागद देवानंद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. कारण याच रखमाजीचे फॉर्म आधीच्या तीन पेट्यांतून गेलेही होते. त्यांनी हैदराबादला ट्रंक कॉल लावला. तिकडेही गोंधळ सुरूच होता; भोकरदनची ज्वारी सगळ्या देशाच्या पुढे गेलेली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी हैदराबादहून मोईनुद्दीन साहेब आले. पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं गोड दखनी. कॉम्प्युटरला कामं सांगणारे प्रोग्रॅमर ते हेच. त्यांनी चहा घेतला, तिकिटाच्या पाठीवरची ओळ वाचून हसले आणि म्हणाले की आता हजारभर कार्डं शोधून नव्यानं पंच करावी लागतील, महिना जाईल.

कौसल्या दाराशी उभी होती. तिनं चाचरत विचारलं, “साहेब, कार्ड कशाला बदलायचं? प्रत्येक कार्डावर रखमाजीचा नंबर हायेच. हैदराबादच्यांना असं सांगता येत न्हाई का, की हा नंबर दिसला तर तेवढा आकडा मणाचा धरा अन् क्विंटल करून घ्या? नंबर दुसरा असला तर हात लावू नका.”

मोईनुद्दीन साहेबांनी कप खाली ठेवला. “और कल से वो बराबर क्विंटल में लिखा तो?”

तिनं जवळच्या पेटीतलं एक कार्ड उचलून तारखेच्या भोकांवर बोट ठेवलं. “मंग तारीख पण बघाय लावायची. ह्या तारखेच्या आधीचे असले तरच.”

“इसी को तो प्रोग्राम बोलते, बाई,” ते म्हणाले. “तुमको कौन सिखाया?”

कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी देवानंद सरांकडे पाहिलं आणि तिचं शिक्षण विचारलं. मॅट्रिक, असं उत्तर आलं. कंपनीला प्रोग्रॅमिंग शिकायला चार माणसं घ्यायची होती, पण त्यासाठी गणिताची पदवी लागायची. तरी निवडीच्या परीक्षेला बसा, मी वर बोलतो, असं सांगून ते गेले. देवानंद सरांनी तिचा अर्ज स्वतः लिहून काढला. अक्षर माझं चांगलं आहे, एवढंच कारण त्यांनी दिलं.

परीक्षेला संपत रजा काढून बरोबर आला. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाला जाणाऱ्या गाडीत रात्रभर तो तिला धीर देत राहिला आणि पहाटे स्वतःच घाबरला. तिथे चाळीसेक जण होते, बहुतेक बी.एस्सी., दोघे-तिघे एम.एस्सी. फॉर्मवर पदवीचा रकाना होता. तिनं कारकुनाला विचारलं, इथे काय लिहू? नसेल तर रेघ मारा, तो म्हणाला. तिनं पट्टी मागून घेतली आणि सरळ रेघ मारली.

पेपर इंग्रजीत. निम्मा तिला कळलाच नाही. शेवटचा प्रश्न मात्र कळला: कार्डांचा ढीग आहे, एका वेळी एकच कार्ड बघता येतं, त्यातला सर्वांत मोठा आकडा कसा काढाल ते पायरी पायरीनं लिहा. तिनं मराठीत लिहिलं. पहिलं कार्ड बाजूला ठेवायचं. दुसरं त्यापेक्षा मोठं असलं तर ते ठेवायचं आणि पहिलं सोडायचं. ढीग संपला का ते दर वेळी बघायचं, आणि ढिगात एकही कार्ड नसेल तर काम सुरू करण्याआधीच थांबायचं. ही शेवटची गोष्ट चाळीस जणांत फक्त तिनं लिहिली होती, असं पुढे मोईनुद्दीन साहेबांनी सांगितलं. तिचं उत्तर त्यांनी ऑफिसातल्या एका मराठी बाईकडून वाचून घेतलं होतं.

पत्र आलं ते सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी. शेवटी नेमणूक मिळेलच असं त्यात नव्हतं. घरात पहिला प्रश्न आला तो राहण्याचा. संपतची नोकरी सुटणार नव्हती. कौसल्या म्हणाली की जाऊ द्या, पंचिंगचं काम आहेच.

द्वारकाबाई भांडी घासत होत्या. “मी जाते तिच्यासंग,” त्या म्हणाल्या. “याला स्वैपाक येत न्हाई तर शिकल. टायपिंगच्या पायरीवर बसले, तशी तिकडं बी बशीन.”

संपतनं आईकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तो पिठाचा डबा कुठे असतो ते विचारू लागला.

काचीगुड्याला एक खोली मिळाली. सासू पहाटे भाकरी करायची, सून गच्च बसमधून ऑफिसला जायची. इंग्रजी तिनं डिक्शनरी घेऊन रेटलं. वर्गातली मुलं आधी तिच्याशी बोलत नव्हती, नंतर चुका शोधायला तिच्याकडेच कागद घेऊन येऊ लागली. संपतची दर आठवड्याला पत्रं यायची. पहिल्यात भाकरी करपली होती, चौथ्यात पिठलं जमलं होतं, दहाव्यात त्यानं शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं.

पाचव्या महिन्यात कौसल्याला एकटीनं लिहायचा पहिला प्रोग्रॅम मिळाला. जालन्याकडच्याच शेतकऱ्यांची गाववार यादी काढायची. प्रोग्रॅमही कार्डांवरच पंच करायचा. तिचा गठ्ठा पहिल्यांदा मशीननं चूक दाखवून परत दिला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा यादी छापून आली, पण सगळी गावं अंबडमध्ये. ती त्या दिवशी घरी जाऊन रडली. द्वारकाबाईंनी तिला समजावलं नाही, तिच्या केसांना तेल लावत बसल्या.

चौथ्या वेळी त्या स्वतःच डबा घेऊन ऑफिसात आल्या. मोईनुद्दीन साहेबांनी त्यांना काचेच्या थंड खोलीत नेलं. द्वारकाबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला आणि कपाटाएवढ्या त्या यंत्राकडे निरखून पाहिलं. छापणारं मशीन खडखडू लागलं. कागद घडी घडीनं खाली येऊ लागला. भोकरदन, अंबड, जालना. गाव गावाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. कौसल्या बोट ठेवून एकेक ओळ तपासत शेवटापर्यंत गेली.

“बराबर हाय?” सासूनं विचारलं.

“बराबर हाय, आत्या.”

द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि जपून घडी करून परत दिला. मग त्यांनी साहेबांना सांगितलं की पोरगी सकाळपासून उपाशी हाय, आता तिला सोडा.