लाल फडक्यातली ढाल

मित्रांनो, मी एक जुनी साखळीची करवत आहे. लोक मला चेनसॉ म्हणतात. बोईसरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुंडलिक फिटरचं दुकान आहे, तिथं मागच्या भिंतीवर मी खिळ्याला टांगलेली असते. माझं इंजिन अजून धडधाकट आहे. साखळीला धार लावलीत तर आजही मी ऐनाचा बुंधा बघता बघता आडवा करीन. तरी पुंडलिक मला कुणाला विकत नाही, कारण माझा एक भाग माझ्याजवळ नाही. तो कुठं गेला आणि का गेला, तेच मला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही, पण तुम्ही ती ऐकायला हवी.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात झाला. तिथल्या कारखान्यात माझ्या हजारो बहिणी रोज तयार होत. आम्हा सगळ्यांच्या पुढच्या मुठीसमोर पंज्याएवढी काळी ढाल बसवलेली असे. करवतीचं टोक चुकून कशावर आपटलं, की करवत उसळी मारते आणि सरळ माणसाच्या तोंडाकडे येते. अशा वेळी माणसाचं मनगट त्या ढालीवर आदळतं, ‘खट्’ असा आवाज होतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. मग माणूस एखादी शिवी हासडतो, हसतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या देशात कुणाची ढाल फुटली, तर तो संध्याकाळी घरी जाताना गावातल्या दुकानातून नवी घेऊन जाई. ढाल ही काही जपून ठेवायची वस्तू आहे, असं तिथं कुणाच्या मनातही येत नसे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बोटीतून मुंबईला उतरले. पालघर तालुक्यात मासवणच्या बाजूला जंगल कामगारांची एक सोसायटी होती. गावोगावच्या लोकांनी भाग भरून ती उभी केली होती. सरकारने नेमून दिलेल्या जागेतली झाडं तोडायची, लाकूड डेपोत पोचवायचं, हे तिचं काम. त्या तोडीच्या जागेला कूप म्हणत. सोसायटीचे मॅनेजर भगवंतराव घाटावरून आलेले, सरळ आणि भित्र्या स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी मला आणलं तेव्हा सुवासिनींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मला चालवायला नवशाला निवडलं. नवशा वारली, उंच, हाडापेरानं मजबूत आणि कमी बोलणारा. झाड पाडण्याआधी तो बुंध्याला हात लावून उभा राही, मुळाशी तांदळाचे चार दाणे ठेवी, आणि मगच माझी दोरी ओढी. माझी गुरगुर ऐकून त्याने मला वाघीण असं नाव दिलं. आणि ढालीला तो दावं म्हणायचा. "वाघीन हाय ना, तिला दावं पायजेच," असं तो बाकीच्यांना सांगे. त्याची बायको चिमी भाकर घेऊन कुपात यायची ती लांबच उभी राही. "हिच्या आवाजानं माझी शेळी दूध चोरते," अशी तिची तक्रार होती. नवशा हसायचा. ते दिवस माझे सुखाचे होते.

पहिल्याच हंगामात एका पडलेल्या सागाच्या फांद्या साफ करताना माझं टोक अडकलं आणि मी उसळले. खट्! साखळी थांबली. नवशाच्या गालापासून मी वीतभर लांब होते. सगळे गडी धावत आले. नवशाने गालावरून हात फिरवला, आणि मग असा मोठ्यानं हसला की झाडावरचे पोपट उडाले. पण त्या दणक्यात ढालीच्या कडेचा टवका उडाला होता. नवशा वाचला याचा भगवंतरावांना आनंद झालाच. पण रात्रभर त्यांना झोप आली नसावी, कारण सकाळी ते मला घेऊन थेट कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाकडे गेले.

तिकडे ही गावोगाव मिळते, असं म्हणत एजंटाने नव्या ढालीचा इथला भाव सांगितला आणि भगवंतराव खुर्चीतच थोडे पुढे सरकले. "अहो, तिकडे ही गावच्या दुकानात मिळते म्हणता ना? मग इथं एवढी?"

"साहेब, तिकडे या करवती हजारोंनी खपतात," एजंट शांतपणे म्हणाला. "इथं गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी. बोटीचं भाडं, विमा, सरकारची ड्यूटी, परवान्याची यातायात, आमचं गोदाम, हे सगळं त्या चार गिऱ्हाइकांच्या माथी बसतं. शिवाय दुसरा कोणी हा माल विकत नाही. मग कंपनी म्हणेल तो भाव."

"पण वस्तू तीच ना?"

"वस्तू तीच. देश वेगळा."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच. परतताना भगवंतरावांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. आणि ऑफिसात पोचल्यावर त्यांनी ते केलं, जे माझ्या जन्मदेशात कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. ढाल पुन्हा फुटू नये म्हणून त्यांनी ती काढून घेतली. लाल फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दर दसऱ्याला ते कपाट उघडत आणि तिला झेंडूचं फूल वाहत.

दुसऱ्या दिवशी नवशाने मला हातात घेतलं आणि तो थबकला. "साहेब, हिचं दावं कुठं हाय?"

"जपून ठेवलंय रे. ते मोडलं तर तुझी दोन महिन्यांची मजुरी घातली तरी यायचं नाही. सोसायटी सगळ्यांची आहे. तू जपून चालव म्हणजे झालं."

"मी त जपून चालवन," नवशा म्हणाला. "पन ती जपून चालल का?"

भगवंतरावांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली. मला धार लावायला ते बोईसरला पुंडलिककडे आणत, तेव्हा पुंडलिकही ओरडायचा. "साहेब, ढाल बसवा हो. नाहीतर मी पत्र्याची करून देतो." पण बाहेरचा पार्ट बसवला तर कंपनीची गॅरंटी जाईल, ही भगवंतरावांना भीती. चिमीला कळलं तेव्हा तिने घरात आदळआपट केली. "वाघ सोडलाय आनि दावं कपाटात ठेवलंय. कसली ही शानी मानसं!" नवशाने तिला समजावलं. दोन पावसाळे गेले, काही झालं नाही. काही झालं नाही, की माणसाला वाटतं काही होणारच नाही. मला मात्र रोज सकाळी दोरी ओढली की धास्ती वाटायची. मला बोलता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं, आणि थांबवणारी ढाल कुलपात होती.

शेवटी व्हायचं ते झालं. मनोरच्या बाजूला कूप लागला होता. सकाळची वेळ होती. नवशाने तांदूळ ठेवले, झाड नीट पाडलं आणि तो फांद्या तोडू लागला. वेलींच्या जाळीत एक जाड फांदी दडली होती. माझं टोक तिच्यावर आपटलं आणि मी उसळले. नवशाचं मनगट पुढे झालं. जिथं ढाल असायची तिथं काहीच नव्हतं. खट् झालं नाही. साखळी थांबली नाही. पुढचं मी सांगणार नाही. मी खाली पालापाचोळ्यात पडले, इंजिन गचके खात बंद झालं, आणि मग सगळं शांत झालं. मी वाट बघत होते. नवशा शिवी देईल, हसेल. कुणीच बोललं नाही.

भगवंतराव धापा टाकत आले. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "मशीन?" आणि मग त्यांनी समोर पाहिलं. हा माणूस दुष्ट नव्हता, मित्रांनो. पण इतके दिवस तो माझीच काळजी वाहत आला होता, त्यामुळे जिभेवर तेच आलं. त्या एका शब्दाने त्याला पुढे जन्मभर जाळलं असेल.

नवशाचे दिवस-कार्य झाल्यावर चिमी ऑफिसात आली. नवशाचा कोयता आणि घोंगडी तिथं राहिली होती. ती काढून द्यायला भगवंतरावांनी कपाट उघडलं, तेव्हा तिला लाल फडकं दिसलं.

"ह्ये काय हाय?"

त्यांनी फडकं सोडलं. चिमीने ढाल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. वाळलेलं झेंडूचं फूल खाली पडलं.

"मोडली नाय त."

"नाही," भगवंतराव म्हणाले. "चांगली आहे."

"आनि हितंच व्हती? कुलपात?"

चिमीने ढाल पदरात बांधली आणि ती निघून गेली. भगवंतरावांनी तिला अडवलं नाही. गावच्या वेशीवर वाघोबाचं ठाणं आहे, तिथं तिने ती ढाल ठेवली. अजून ती तिथंच आहे असं म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला देवाबरोबर तिलाही शेंदूर लागतो. भगवंतरावांनी मला पुंडलिकच्या हवाली केलं आणि नोकरी सोडून ते गावी गेले.

आता दिवस बदलले आहेत. परदेशी माल सहज येतो, ड्यूटी उतरली, करवती स्वस्त झाल्या. परवाच केळव्याचा एक वाडीवाला बागाईतदार पुंडलिककडून नवी करवत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "ही ढाल काढून पिशवीत द्या. मजूर लोक आपटून फोडतील." पुंडलिकने माझ्याकडे बोट दाखवून त्याला सगळी हकिकत सांगितली. वाडीवाल्याने ऐकून घेतली, हळहळला, आणि दारात उभं राहून स्वतःच्याच पान्ह्याने ढाल सोडवून खिशात घातली.

मित्रांनो, तुमच्या घरी महागाची वस्तू आली तर ती जरूर जपा. पण ती ज्याच्या हातात देणार, त्याला आधी जपा. वस्तूचा भाव मुलखागणिक बदलतो. नवशाचा भाव मुलखागणिक का बदलावा, हे मला कुणी सांगितलं नाही.

सध्या रस्ता रुंद करण्यासाठी दुकानामागची झाडं तोडताहेत. दिवसभर करवतींचा आवाज येतो. मधेच एखादी अचानक बंद पडते. मग मी खिळ्यावर टांगलेली, कान देऊन ऐकत राहते, कुणी माणूस बोलतो का.