फक्त फुटबॉल

चष्मेवाल्याने फुटबॉल चाहत्यांच्या ऑनलाइन गटावर एकच नियम लावला होता: इथे फक्त फुटबॉलवर बोलायचं. पण निवडणूक जवळ आली आणि त्याचे वडील आणि मामा तिथेच हमरीतुमरीवर आले. गोलकीपरच्या चुकीवरून निघालेलं बोलणं दोन मेसेजांत सरकारवर जायचं. गिऱ्हाइकाचे डोळे तपासता तपासता तो त्यांचे मेसेज पुसत बसायचा. शेवटी त्याने दोघांनाही गटाबाहेर काढलं.

संध्याकाळी तो घरी आला, तर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे ते दोघं सोफ्यावर शेजारी बसलेले.

"पोटच्या पोराने हाकललं," वडील म्हणाले.

"दाजी, आपण वेगळा गट काढू," मामा म्हणाले. "तिथे राजकारण मनसोक्त करू."

आठवड्यात निम्मे चाहते तिकडे गेले. राहवेना, म्हणून चष्मेवालाही टोपणनावाने शिरला. तिथे सगळे पेनल्टीवर बोलत होते, तेही गुण्यागोविंदाने. इतके दिवस गिळून ठेवलेलं सरकारबद्दलचं आपलं मत त्याने भीतभीत लिहिलं.

मामांनी ते मिनिटभरात पुसलं. वडिलांनी खाली लिहिलं, "नवीन दिसताय. विषय सोडून बोलू नका."