आतून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. माझी दांडी वाकली आहे, रंग उडाला आहे आणि एका टोकाला रक्ताचा डाग आहे, तो घासूनही गेला नाही. अशी कडी आता कोणी दाराला लावणार नाही, आणि खरं सांगू का, माझीही हौस फिटली आहे. पण माझी हकिगत ऐकून घ्या. ती गोड नाही, हे आधीच सांगते.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, काळ्या रंगात बुचकळलं आणि कोयंड्यासकट पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं. एका आईने मला विकत आणलं. मागच्या खोलीत ती धान्य ठेवायची आणि गल्लीतलं मांजर भारी चोरटं होतं, म्हणून तिने मला त्या दाराला बाहेरून लावून घेतलं. ती बोटाने मला तेल लावायची आणि गुणाची गं माझी, म्हणायची. तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मग आई आजारपणात गेली. मागे राहिल्या थोरली, धाकटी आणि त्यांचा बाप. बापाचा हात आधीपासून उठायचा, आता अडवायलाही कुणी उरलं नाही. एकदा त्याने दार इतकं आपटलं की मी निखळून पडले. मला परत बसवताना त्याने पेचकस शोधायचा आळस केला आणि स्क्रू हातोडीने ठोकून टाकले. अहो, स्क्रू पिळायचा असतो! ठोकला की आतलं लाकूड फाटतं आणि स्क्रू नुसता नावाला उरतो. पण त्या माणसाला प्रत्येक गोष्ट ठोकूनच सरळ होते असं वाटायचं.

पुढे तो मुलींनाच खोलीत घालून मला लावू लागला. त्याआधी पट्टा चालायचा. थोरली पुढे व्हायची, धाकटीला पाठीशी घालायची आणि तोंडातून हूं की चूं काढायची नाही. एका थपडेत तिचा डावा कान कायमचा गेला. ती एका मिस्त्रीकडे फर्निचरच्या कामाला जायची. तिथे कुणी कानाचं विचारलं तर सांगायची, पडले. गल्लीला सगळं ऐकू यायचं. गल्ली रेडिओ मोठा करायची.

एके दुपारी धाकटीच्या हातून काचेचा ग्लास फुटला. बापाने स्टूल उचललं आणि तिच्या पायावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मीही ऐकला. थोरली नुकतीच कामावरून जेवायला आली होती. ती बापाच्या अंगावर गेली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं, दोघींना खोलीत ढकललं आणि मला लावलं. संध्याकाळी तुमचा निकाल लावतो म्हणाला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन पीत बसला. बाहेर जायला वाट तेवढीच होती.

थोरलीने दाराला खांदा दिला तसे ते ठोकलेले स्क्रू सुटले आणि मी खाली पडले. दार उघडलं, पण जायचं कुठे? धाकटीला पाय टेकवत नव्हता. मग थोरलीने पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. दोघींची मावशी दवाखान्यात नर्स होती, तिला फोन करायला सांगितलं. आजवर तो माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडलेला नव्हता. पण तिच्या कपाळावरून वाहणारं रक्त पाहून त्याने इस्त्री बाजूला ठेवली. मावशी निघालीय, तोवर दार उघडू नका, असा निरोप त्याने खिडकीखाली येऊन दिला.

आता मावशी येईपर्यंत टिकायचं होतं, नाहीतर धाकटीचं काही खरं नव्हतं.

थोरलीने मला उचललं. कामाच्या एप्रनच्या खिशात तिचा पेचकस होता आणि लांब स्क्रू होते. तिने दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने आधी भोकं पाडली, स्क्रूंना साबण चोळला आणि एकेक करून घट्ट पिळले. चौकटीवर कोयंडाही तसाच बसवला. आयुष्यात पहिल्यांदा मी आतून लागले.

बाप आला. आधी लाथा बसल्या. मग त्याचा सूर गोड झाला. "उघड बाळा. काही करणार नाही मी."

"मोठ्याने बोल," थोरली म्हणाली. "हा कान तूच फोडलायस."

मग तो पहार घेऊन आला. फळी फुटली, त्याचा हात आत आला आणि मला चाचपू लागला. थोरलीने पेचकस त्याच्या तळहातात खुपसला आणि परत ओढून घेतला. तो गुरासारखा ओरडला आणि पहार आणखी जोराने घालू लागला. मी वाकले. थोरलीने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. पहारीच्या एका घावात तिची बोटं माझ्यावरच चेचली गेली, तरी तिने हात काढला नाही. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण तिच्यापुढे मला माझीच लाज वाटली.

शेवटी मावशी आली. तिच्यामागे इस्त्रीवाला आणि त्याने बोलावलेले चारजण होते. त्यांनी बापाला खाली पाडून पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. मावशी दाराशी रडत म्हणाली, "मी आलेय गं. उघड आता."

पण मी वाकून अडकले होते, हलेनाच. थोरलीची बोटं तर कामातून गेली होती. तेव्हा धाकटी मोडका पाय ओढत दारापर्यंत सरकली. थोरली कण्हत सांगत होती, पेचकस उलटा फिरव, घाई करू नकोस. आणि त्या पोरीने एकेक स्क्रू काढून मला दारावरून उतरवलं.

आता मी मावशीच्या फडताळात पडून आहे. मला तेल घाला, मला जपा, असं काही मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढंच करा. एखाद्या दाराला बाहेरून कडी दिसली आणि आत माणूस आहे असं वाटलं, तर थांबा, दार वाजवा आणि विचारा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.