तिचंच रक्त

डॉक्टरीणबाईंनी सौम्याच्या डाव्या गालावरच्या खड्ड्यात अंगठा दाबला, कातडी दोन्ही बाजूंनी ताणून बघितली आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"जिन्यावरनं पडली," अक्काताई म्हणाली.

अक्काताई सौम्याची सासू. निपाणीच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. बेळगावच्या कॅम्पातल्या या दवाखान्यात तीच सुनेला गाडीत घालून घेऊन आली होती. सौम्याची आई जयाबाई भिंतीकडेच्या खुर्चीत पदर आवळून बसली होती.

जिना नव्हताच. गेल्या वर्षी सिद्धेशनं, म्हणजे जावयानं, सौम्याचा फोन मागितला. तिनं आंघोळ करून देते म्हटलं. तेवढ्यावरून त्यानं कमरेचा पट्टा काढला. पहिले फटके पाठीवर गेले. ती वळली आणि बक्कल गालात रुतलं. त्यानं पट्टा ओढला तसा गाल फाटला, आतली दाढ दिसायला लागली. पोरगी ओढणीनं गाल दाबून निपाणीच्या स्टँडवर आली आणि बेळगावची बस धरून एकटीच वडगावात माहेरी उतरली. दार उघडल्यावर जयाबाईनं आधी ओढणी बघितली आणि मग पोरीला ओळखलं.

तेव्हापासून सौम्या माहेरीच होती. पोलिसांत जायचं नाव काढलं तेव्हा तिच्या विणकर बापानं, सुबरावानं, घरातला तांब्या भिंतीवर फेकला होता. आता सासरच्यांनी जातीच्या पंचांना सांगून बैठक लावली होती. सून नांदवायची आहे, आमची काही तक्रार नाही, असा त्यांचा निरोप होता. बैठक पुढल्या आठवड्यातल्या रविवारी, आणि त्याआधी सुनेचं तोंड नीट व्हायला हवं. पंचांपुढं तोंड सारखं दिसलं की बोलायला काही उरत नाही, हे अक्काताईला पक्कं ठाऊक होतं.

"आमच्या जाऊबाईंनी कोल्हापुरात घेतलंय एक इंजेक्शन," अक्काताई म्हणाली. "आता त्या हसल्या काय, रडल्या काय, तोंड येकच. तसलं द्या की."

"ते वेगळं, अम्मा." डॉक्टरीण भाग्यलक्ष्मी कन्नड वळणाचं मराठी बोलायच्या. "ते स्नायू झोपवतं. कपाळाच्या आठ्यांना ठीक. ह्या खड्ड्याला त्याचा काही उपयोग नाही."

"मग कुठलं?"

"नोडी, हे बघा, मी सगळं सांगते. एक आहे फिलर. जेलीसारखं असतं. खड्ड्यात भरलं की खड्डा वर येतो. आज भरलं तर आज दिसतं. वर्षभरानं विरतं, मग परत भरायचं. दुसरं माशापासून करतात..."

"माशापासनं?" अक्काताईनं हात मागं घेतला, जणू मासा तिच्याच हातात दिला होता. "आमच्या घरात गुरुवार असतोय."

"त्यानं कातडी ताजी दिसते, पण एवढा खोल खड्डा भरत नाही. तिसरं म्हणजे पेशंटचंच रक्त. हातातून काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, वर पिवळं पाणी येतं ते घ्यायचं. गालाला बारीक बारीक टोचून आत सोडायचं. त्यानं आतलं मांस हळूहळू भरतं. महिन्याला एकदा, असं चार-पाच वेळा यायला लागतं. कुठलंच इंजेक्शन डाग पूर्ण पुसत नाही, हे मी आधीच सांगते."

"आज भरलं तर आज दिसतंय ते द्या," अक्काताई म्हणाली. "बाकीचं आमाला काय करायचंय?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पेशंट ही आहे. हिला काय पाहिजे ते मी हिलाच विचारणार. तुम्ही जरा बाहेर बसा. आई थांबू दे."

अक्काताई उठली. दारातून वळून म्हणाली, "इचारा की. तिला कळतंय तेवढं. आन् लवकर आटपा, सिद्धेश गाडीत बसून वैतागलाय."

दार लागलं. सौम्यानं मान वर केली. वर्षभर ती आरशाकडं पाठ करून केस विंचरत होती, आणि आता समोरच्या भिंतीवर माणसाएवढा आरसा होता.

"ते जेलीचं घालूया, आई," ती हळू म्हणाली. "मला माझं तोंड पायजे. रस्त्यानं चाललं की लोकं आधी गाल बघत्यात."

जयाबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरातल्या पुरुषांच्या डोक्यात काय चाललंय ते तिला पावलांच्या आवाजावरून कळायचं.

"पायजे गं. का नको? पण आत्ता भरलंस तर रईवारी पंच काय बघणार? गोरागोमटा गाल. म्हणणार, पोरगी धडधाकट हाय, जा नांदायला. आन् त्या घरात पट्टा अजून खुंटीला हाय."

"आन् न्हाय भरलं तर?"

जयाबाई डॉक्टरीणबाईंकडं वळली. "बाई, ते रक्ताचं आज घातलं तर रईवारी खड्डा दिसंल?"

"दिसेल. लाली उतरलेली असेल, खड्डा तसाच असेल. फरक पडायला दोन-तीन महिने."

"म्हंजे तोंडबी मिळंल, आन् बैठकीला खड्डाबी ऱ्हाईल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत घातला. जिन्याची गोष्ट त्यांनी पहिल्यापासूनच खरी मानली नव्हती. "तुला काय पाहिजे?" त्यांनी सौम्यालाच विचारलं. "आई राहू दे. तू सांग."

सौम्या आरशात बघत राहिली. मग तिनं बाही वर सरकवली.

"माझंच घाला."

दंडातून रक्त काढलं. ते नळीत फिरून आलं तेव्हा खाली लाल आणि वर गवती चहासारखं पिवळं झालं होतं. जयाबाई त्या नळीकडं बघत म्हणाली, "आमच्या घरात रक्त लई सांडलं. कामाला आलेलं पैल्यांदाच बघतोय."

खड्ड्याखालची कातडी हाडाला चिकटली होती. गाल बधिर करून डॉक्टरीणबाईंनी जाड सुई आडवी आत घातली आणि चिकटलेले धागे तोडायला सुरुवात केली. करकर असा आवाज आला. सौम्यानं आईचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. मग ते पिवळं पाणी बारीक बारीक टोचून आत सोडलं. गालावर रक्ताचे थेंब उमटले, पुसले, परत उमटले. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. तेवढी सवय सासरानं लावली होती.

बाहेर आल्यावर अक्काताईनं सुजलेला लाल गाल बघितला आणि समाधानानं मान हलवली. तिच्या लेखी सुई ती सुई. गाडीजवळ सिद्धेश उभा होता. त्यानं बोटानं सौम्याची हनुवटी वर केली, माल तपासावा तसा गाल डावी-उजवीकडं फिरवून बघितला.

"सूज उतरू दे, मग बघू," म्हणाला. "आन् परत जिन्यावरनं पडू नकोस."

तो हसला. अक्काताईही हसली. गाडी मायलेकींना वडगावात सोडून निपाणीला गेली.

शनिवारी अक्काताईचा सुबरावाला फोन आला. उद्या बैठक आहे, सुनेचा एक फोटो पाठवा. सुबरावानं सौम्याला उजेडात उभं केलं आणि फोटो काढला. फोटोकडं त्यानं बराच वेळ बघितलं. सूज पूर्ण उतरली होती आणि खड्डा जसाच्या तसा होता.

"हे काय?" त्यानं जयाबाईला विचारलं. "इंजेक्शन घेतलं न्हवं?"

"घेतलं. उशिरा गुण येणारं घेतलं."

"कुणी सांगिटलं?"

"मीच सांगिटलं."

सुबरावानं फोन खाली ठेवला. माजघरातून पुढं गेला आणि त्यानं पुढल्या खोलीतले विजेचे चारही माग सुरू केले. मागावर त्या वेळी कुणी नव्हतं, साडी विणायची नव्हती, तरी आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडं पळायला लागले आणि घर खडखडायला लागलं. जयाबाई त्याच्यामागं पुढं आली. वडगावच्या त्या गल्लीत नवरे बायकांना मारायचे ते माग लावून. मागाच्या आवाजात शेजारच्या घरातलं बोलणंसुद्धा ऐकू जात नाही, मग किंचाळणं कुठलं? हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. बापाचं बघून लेकानं उचललं होतं. बायकांनाही ते ठाऊक होतं. अवेळी एखाद्या घरात सगळे माग एकदम सुरू झाले की शेजारीण चुलीवरचं भांडं उगाच खाली-वर करत बसायची.

त्यानं पुढलं दार लावलं. कापड गुंडाळायचा लाकडी दांडका उचलला.

"निपाणीकरांपुढं माझी अब्रू घालवतीस?"

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा तिनं हातावर झेलला आणि मनगटात काहीतरी कट्कन वाजलं. ती खाली बसली तसं त्यानं केसाला धरून तिचं डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. डोळ्यावरची कातडी फुटली. रक्त डोळ्यात गेलं, ताण्याच्या पांढऱ्या सुतावर उडालं. तो लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेला एकेक शब्द बोलत होता, पण मागाच्या खडखडाटात तिला ते शब्द कळत नव्हते, फक्त तोंड हलताना दिसत होतं. तिनं नेहमीसारखे गुडघे पोटाशी घेतले. ओरडायचं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडलं होतं. ऐकणारं कोण होतं?

त्याच वेळी सौम्यानं भिंतीवरची विजेची मेन खाली ओढली.

माग एकेक करून नाही, एकदम थांबले. पुढचा घाव शांततेत पडला. दांडका जबड्यावर बसल्याचा आवाज घरभर झाला आणि त्यापाठोपाठ जयाबाईच्या घशातून जे निघालं ते तिचं तिलाच ओळखू आलं नाही. जनावर कापताना येतो तसा तो आवाज होता. तो आढ्यापर्यंत गेला, कौलांतून बाहेर पडला.

शेजारच्या नागुबाईचे माग थांबले. मग पलीकडच्या घरातले. मग समोरच्या ओळीतले. थोड्या वेळात सगळी गल्ली गप्प झाली, जशी ती फक्त वीज गेल्यावर होते. वीज तर होती. समोरच्या कट्ट्यावर दिवा जळत होता.

"माग लाव," सुबराव म्हणाला.

सौम्या मेनला पाठ लावून उभी राहिली. "न्हाय लावत."

तो दांडका घेऊन तिच्याकडं दोन पावलं गेला. तेवढ्यात बाहेरून नागुबाईचा आवाज आला, अगदी साधा, पीठ मागायला आल्यासारखा. "सुबरावअण्णा, दार उघडा जरा."

तिच्यामागं आणखी पावलं वाजली. सुबरावानं दांडका खाली ठेवला, परत उचलला आणि मागाखाली सरकवला. दार सौम्यानं उघडलं.

रविवारी सकाळी देवळाच्या सभागृहात बैठक बसली. एका बाजूला सतरंजीवर पंच, मधे मारुतीराव. ते जुने विणकर, गल्लीतले वडीलधारे. समोर निपाणीकर. दुसऱ्या अंगाला सौम्या, गालावर खड्डा तसाच, आणि तिच्या शेजारी जयाबाई. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, जबडा एका बाजूला सरकल्यासारखा दिसत होता आणि हात गळ्यात बांधला होता. येऊ नकोस असं सुबरावानं सांगितलं होतं. ती नागुबाईच्या खांद्याला धरून आली.

"आमची काय तक्रार न्हाय," अक्काताईनं सुरुवात केली. "पोरगी जिन्यावरनं पडली. आमी मोठ्या डॉक्टरकडं न्हेलं, इंजेक्शन दिलं. अजून काय करायचं माणसानं?"

मारुतीरावांनी सौम्याच्या गालाकडं बघितलं, मग तिच्या आईकडं. "जयाबाई, तुमाला काय झालं?"

"धोटा उडाला," सुबराव घाईनं म्हणाला. "मागावरचा."

मागून नागुबाई म्हणाली, "माग बंद व्हते की, मामा. आमी समद्यांनी ऐकलं."

पंचांतल्या एकानं सतरंजीची दशी बोटाला गुंडाळली. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरात माग होते.

जयाबाईला बोलताना जबडा धरावा लागत होता. "ह्यांनी मारलं," ती म्हणाली. "तिला तिच्या नवऱ्यानं मारलं. पट्ट्यानं. जिना बिना काय न्हाय. मी तिला त्या घरात पाठवणार न्हाय."

"म्हंजे हिनं मुद्दाम ठेवला खड्डा," सिद्धेश म्हणाला. ते त्याला आत्ता कळलं होतं. "आमाला दाखवायला." तो उठला आणि पंचांच्या मधून, एकाच्या मांडीवर पाय देऊन, सौम्यापर्यंत गेला. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं तोंड फरशीवर आपटलं. एकदा, परत एकदा. मग लोक त्याच्यावर पडले. त्याची बोटं वेणीतून एकेक करून सोडवावी लागली. फरशीवर रक्त होतं. सौम्या उठून बसली, नाकाखाली हात धरला आणि मारुतीरावांकडं बघत राहिली.

"सिद्धू, अरं चारचौघांत कशाला," अक्काताई म्हणाली.

मारुतीराव उभे राहिले. "पोरगी नांदायला जाणार न्हाय. पोलिसात जायचं असंल तर मी संगं येतो. निपाणीकरांनी उठावं आता."

निपाणीकर उठले.

दुपारी घरी सौम्यानं दुधात भात कुस्करून आईला चमच्यानं भरवला. जयाबाईला चावता येत नव्हतं. पोरीच्या नाकात कापसाचे बोळे होते, त्यामुळं ती तोंडानं श्वास घेत होती. पावलं वाजली आणि सुबराव दारात येऊन उभा राहिला. त्यानं चपला काढल्या, मग परत घातल्या. पस्तीस वर्षं त्या घरात पहिलं ताट त्याचं पडत होतं आणि तो जेवून उठल्याशिवाय बायकांनी घास घेतला नव्हता. आज त्यानं त्यांना जेवताना बघितलं आणि त्याला पुढं काय करायचं ते सुचेना.

सौम्या उठायला लागली.

"बस," जयाबाई म्हणाली. "माझं होऊ दे आधी."

घास संपले. जयाबाईनं एका हातानं तोंड पुसलं.

"आता त्यांचं ताट वाढ," ती म्हणाली. "आन् भाईर दे."

सुबराव दारातून मागं सरला. सौम्यानं ताट कट्ट्यावर नेऊन ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत येऊन दाराला कडी घातली.